शेतात निघालेलं वेडंवाकडं नाणं

प्रश्न: भावाने ऑनलाइन मेटल डिटेक्टर मागवला, उलव्याजवळ मामाच्या शेतात फिरवला तर चांदीचं वेडंवाकडं नाणं निघालं, फारसी अक्षरं अर्धीच दिसतायत. डुप्लिकेट असेल का? चिंचेने घासू का?
– एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: घासू नका हो! अर्ध्या अक्षरांवरून खोटं ठरत नाही, मुघलांची नाणी हातोडीने ठोकूनच पाडायचे आणि ठसा चकतीपेक्षा मोठा असायचा, मग मावेल तेवढंच उमटायचं. सोनाराकडे वजन करा, मुघल रुपया साधारण ११.४ ग्रॅमचा, झिजला असेल तर थोडा कमी. पण खरी गोम पुढेच आहे, १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेलं १० रुपयांवरचं (हो, दहाच!) काहीही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, शेत मामाचं असलं तरी. उलवं रायगड जिल्ह्यात, म्हणजे तुमच्यासाठी अलिबागचे कलेक्टर, ठाण्याचे नाही. आणि संरक्षित किल्ल्यावर मशीन घेऊन खणायला जाऊ नको म्हणावं भावाला.