‘इंटरव्हल’ म्हणजे पळणं की थांबणं?

प्रश्न असा आहे: धावण्याच्या नोंदवहीत ‘६ × ४०० मी., इंटरव्हल २ मि.’ एवढंच लिहिलंय. एकाचं म्हणणं, इंटरव्हल म्हणजे दोन चारशेंच्या मधली विश्रांती. दुसऱ्याचं म्हणणं, जोरात पळायचे ते चारशे मीटर म्हणजेच इंटरव्हल, आणि तो दोन मिनिटांत पुरा करायचा. बरोबर कोण, आणि मराठीत याला काय म्हणावं?

शब्द कुठून आला ते पाहिलं तर पहिला बरोबर. ट्रॅकवर आज काय बोलतात ते पाहिलं तर दुसऱ्यालाही खोटं पाडता येत नाही. फसलीय ती नोंद.

आधी उगमाचं. १९३० च्या दशकात जर्मन प्रशिक्षक वोल्डेमार गेर्शलर आणि हृदयतज्ज्ञ हर्बर्ट राइन्डेल यांनी ही पद्धत नाडीच्या आकड्यांवर बसवली. १००, १५० किंवा २०० मीटरचा तुकडा पळायचा, नाडी मिनिटाला १७०-१८० पर्यंत न्यायची, मग ती १२०-१२५ वर उतरेपर्यंत थांबायचं. उतरायला ९० सेकंदांहून जास्त वेळ लागला तर तुकडा फार लांब झाला किंवा फार जोरात झाला असं धरायचं. हृदयाची ताकद वाढते ती पळताना नव्हे, तर या उतरत्या दीड मिनिटात, अशी त्यांची धारणा होती. म्हणून पद्धतीला नावही त्या मधल्या वेळाचंच मिळालं. गेर्शलरचा शिष्य रुडॉल्फ हार्बिग याने १९३९ साली मिलानमध्ये ८०० मीटर १:४६.६ मध्ये पळून विश्वविक्रम केला आणि तो १९५५ पर्यंत टिकला. त्यानंतर ही पद्धत जगभर गेली. सगळा फायदा विश्रांतीतच होतो हे आज कुणी म्हणत नाही, पण नाव राहिलं. (जाता जाता: मुंबईच्या दमट हवेत नाडी दीड मिनिटात १२० वर येईल अशी आशा धरून बसलात तर सराव दुपारपर्यंत चालेल. किनारपट्टीवर घड्याळाची विश्रांती बरी, नाडीची नको.)

मराठी कानाला हा जुना अर्थ सहज पटतो, कारण आपल्याकडे इंटरव्हल म्हणजे नाटकाचं मध्यंतर. चहा-वड्याची वेळ. ‘आज सहा इंटरव्हल मारले’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकणाऱ्याला विनोदी वाटतं ते यामुळेच.

मग अर्थ उलटला कसा? ‘इंटरव्हल ट्रेनिंग’चं बोलण्यात नुसतं ‘इंटरव्हल्स’ झालं, आणि पळणाऱ्याला लक्षात राहतो तो दमवणारा भाग, म्हणून नाव त्याला चिकटलं. त्यावर शिक्का बसला तो अमेरिकन प्रशिक्षक जॅक डॅनियल्स यांच्या वर्गवारीमुळे. त्यांच्या पाच वेगांपैकी एकाचं नावच ‘इंटरव्हल’ आहे: साधारण ३ ते ५ मिनिटांचे कठीण तुकडे, मध्ये तेवढाच किंवा थोडा कमी वेळ जॉग. याहून छोटे, याहून वेगवान आणि मध्ये पळण्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ विश्रांती असलेले तुकडे म्हणजे ‘रिपिटिशन’. उंबरठ्याच्या म्हणजे थ्रेशोल्ड वेगाने (साधारण तासभर टिकवता येईल अशा), मध्ये जेमतेम मिनिटभर थांबून केलेले लांब तुकडे म्हणजे ‘क्रूझ इंटरव्हल’. या पद्धतीने शिकलेला माणूस इंटरव्हल म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात एक ठरावीक वेग असतो. तुमच्या वादातल्या दोघांनाही तो अर्थ अभिप्रेत नाही. म्हणजे हा तिसरा अर्थ झाला.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहा. १० किमी ५० मिनिटांत पळणारा धावपटू घ्या. डॅनियल्सच्या तक्त्यात त्याचे ४०० मीटर इंटरव्हल वेगाने सुमारे १:५२ मध्ये आणि रिपिटिशन वेगाने सुमारे १:४६ मध्ये येतात. पहिल्या वाचनाप्रमाणे त्याने मध्ये २ मिनिटं विश्रांती घ्यायची, पण चारशे किती वेळात पळायचे ते वहीत नाही. दुसऱ्या वाचनाप्रमाणे चारशे २ मिनिटांत, म्हणजे किलोमीटरला ५:००. हा त्याचा १० किमी शर्यतीचाच वेग झाला, आणि मध्ये किती थांबायचं ते वहीत नाही. ३० सेकंद थांबून केले तर चांगला सराव. ३ मिनिटं थांबून केले तर सहा चारशेंनी त्याला घामही धड यायचा नाही. ओळ एकच आणि त्यातून निघणारे सराव दोन, तेही अर्धवट.

ट्रायथलॉनवाल्यांनी, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं एकाच शर्यतीत करणाऱ्यांनी, यात आणखी एक भर घातलीय. जलतरणात ‘१० × १०० ऑन १:४५’ म्हणजे दर १:४५ ला नवा शंभर सुरू. पोहणं आणि थांबणं मिळून १:४५. तिथे इंटरव्हल म्हणजे एका सुरुवातीपासून पुढच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ. हीच सवय ट्रॅकवर आणून कुणी ‘६ × ४०० ऑन ४:००’ लिहिलं, तर १:५२ मध्ये पळणाऱ्याला २:०८ विश्रांती मिळते. पाचव्या चारशेला तो दमून २:०५ वर घसरला की विश्रांती आपोआप १:५५ वर येते. विश्रांती ठरावीक असली तर असं होत नाही, नुसता एकूण वेळ लांबतो. ‘दर ४:०० ला’ आणि ‘मध्ये ४:००’ हे दोन वेगळे सराव आहेत, आणि मराठीत ‘दर’ आणि ‘मध्ये’ हे दोन शब्द आयते आहेत. तेच वापरावेत.

आता मराठी नावांकडे. हिंदी शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांतलं ‘अंतराल प्रशिक्षण’ मराठीत उचलू नये. आपल्याकडे ‘अंतर’ म्हणजे मुळात मीटर-किलोमीटरचं अंतर. ‘अंतराल ४००’ वाचून विश्रांती कुणाच्याही मनात येणार नाही, आणि ‘अंतराल’वरून ‘अंतराळ’ दोन पावलांवर. मधल्या वेळाला ‘मध्यंतर’ अर्थाने चपखल आहे, पण वहीत कोणी लिहीत नाही. ‘विश्रांती’ लिहितात, आणि तिथेच पुढचा घोळ होतो: विश्रांती म्हणजे उभं राहून, चालत, की जॉग करत? १:५२ च्या चारशेनंतर दोन मिनिटं उभं राहणं आणि दोन मिनिटांत २०० मीटर जॉग करणं यांत पुढच्या चारशेला पाय फार वेगळे लागतात. हळू जॉगने जोरात पळताना रक्तात साठलेलं लॅक्टेट लवकर कमी होतं. उलट अगदी छोट्या, फार वेगवान तुकड्यांनंतर उभं राहणं किंवा चालणंच बरं, कारण झटपट ऊर्जा देणारा स्नायूंतला फॉस्फोक्रिएटिनचा साठा त्यात चांगला भरून येतो. म्हणून ‘विश्रांती’ या एकट्या शब्दावर समाधान मानू नये. ‘जॉग २००’, ‘चाल १००’, ‘उभं १:३०’ असं लिहावं.

जोरात पळायच्या तुकड्याला आपल्या ट्रॅकवर ‘रिपीट’ म्हणतात, आणि मला तोच शब्द योग्य वाटतो. जिममधला ‘रेप’ देवनागरीत लिहिलेला कसा दिसतो ते सांगायला नको, तो टाळावाच. ‘राऊंड’ मात्र जपून. पोलिस भरतीच्या १६०० मीटरची तयारी करणारी मुलं ‘आठ राऊंड मारले’ म्हणतात तेव्हा मैदान २०० मीटरचं असतं. ४०० मीटरच्या ट्रॅकवर त्याच आठ राऊंडचे ३२०० होतात. आणि ४०० मीटरचा ट्रॅकसुद्धा पहिल्या लेनमध्येच ४०० असतो. चौथ्या लेनमध्ये पूर्ण फेरी सुमारे ४२२ मीटर भरते, आठव्यात ४५३. चौथ्या लेनमधला १:५२ हा किलोमीटरला ४:४० नसून ४:२५ चा वेग आहे. अशाने वहीतला माणूस उगाच संथ दिसतो.

खुणांमध्येही दोन खाचखळगे आहेत. पहिला ‘×’ चा. ‘४ × ४००’ शर्यतीच्या पानावर रिले असते, वहीत एकट्याचे चार चारशे. त्याहून त्रासदायक म्हणजे ‘२ × ५ × २००’: दोन सेट, प्रत्येकात पाच, पण सेटच्या मधली विश्रांती आणि रिपीटच्या मधली विश्रांती वेगवेगळी असते आणि या ओळीत एकही नाही. कंस करून ‘२ × (५ × २००), मध्ये चाल ०:४५, दोन सेटच्या मध्ये ४:००’ असं लिहिलं की प्रश्न मिटला.

दुसरा खळगा खास मराठीचा. ‘मी.’ म्हणजे मीटर, ‘मि.’ म्हणजे मिनिट, आणि फरक फक्त ऱ्हस्व-दीर्घाचा. घामेजलेल्या बोटांनी फोनवर टाइप करताना ‘६ × ३ मि’चं ‘६ × ३ मी’ होतं. ते हास्यास्पद असल्यामुळे निदान कळतं तरी. पण ‘जॉग ९० मी’ चूक आहे हे कोण ओळखणार? सोपा उपाय: वेळ नेहमी दोन टिंबं देऊन, २:०० किंवा ०:४५, अंतर नुसत्या आकड्यात. आणि ४:४० हा वेग असेल तर पुढे ‘/किमी’ लिहायलाच हवं, नाहीतर तुकडा हजारचा नसेल तेव्हा ही तुकड्याची वेळ की किलोमीटरचा वेग, असा गोंधळ होतो.

फार्टलेकवरून होणारा वाद याचाच भाऊबंद. गॉस्टा होल्मर या स्वीडिश प्रशिक्षकाच्या कल्पनेत फार्टलेक म्हणजे वेगाशी खेळ: वाटेल तिथे जोर, वाटेल तिथे सैल. म्हणून ‘फार्टलेक ८ × १:००, मध्ये १:००’ अशी नोंद दिसली की शुद्धतावादी भडकतात. घड्याळ सांगेल तसं पळायचं तर खेळ कुठला? पण ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह मोनेगेटीच्या नावाने प्रसिद्ध असलेलं फार्टलेक सेकंदासेकंदाला बांधलेलं आहे: ९० सेकंदांचे २, ६० चे ४, ३० चे ४, १५ चे ४, आणि प्रत्येकानंतर तितकाच वेळ जरा हलक्या पण जॉगपेक्षा वेगवान चालीने. बेरीज बरोबर २० मिनिटं. शब्द एवढा रुंदावल्यावर त्याला परत होल्मरच्या जंगलात कोंडायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मधल्या वेळात थांबायचं नाही, पळत राहायचं, एवढं त्यातून वाचणाऱ्याला कळतं. तेवढ्यापुरता शब्द कामाचा आहे.

तर तुमची ओळ मी अशी लिहीन: ‘६ × ४०० @ १:५२, मध्ये जॉग २०० (२:००)’. किती, केवढे, किती वेळात, आणि मध्ये काय व किती. ‘इंटरव्हल’ हा शब्द त्या दिवसाच्या मथळ्यात खुशाल असू द्या, आकड्याच्या शेजारी नको.

याच ओळीबाबत घड्याळ काय करतं तेही पाहून ठेवा. सहा रिपीटच्या मध्ये जागा पाचच. सहाव्यानंतरचा २०० चा जॉग शेवटच्या हलक्या धावेत धरायचा की सरावात, हे एकदा ठरवा, नाहीतर आठवड्याची बेरीज दोन वह्यांत जुळत नाही. पाच धरले तर २४०० मीटर ११:१२ मध्ये आणि १००० मीटर जॉग १०:०० मध्ये, एकूण ३४०० मीटर २१:१२ मध्ये. ॲप याची सरासरी काढून किलोमीटरला ६:१४ दाखवेल आणि तुमचा सर्वांत वेगवान दिवस यादीत रविवारच्या गप्पा मारत केलेल्या धावेशेजारी बसेल. सराव घड्याळात आधी भरून ठेवला, किंवा दर किलोमीटरला आपोआप पडणारी लॅप बंद करून प्रत्येक चारशेच्या सुरुवातीला आणि शेवटी बटण दाबलं, तर रिपीट आणि जॉग वेगळे दिसतात. गार्मिनच्या घड्याळावर सराव भरताना ‘रिकव्हर’ आणि ‘रेस्ट’ असे दोन वेगळे प्रकार मिळतात. जॉगसाठी पहिला आणि उभं राहण्यासाठी दुसरा वापरला की महिन्याभराने वही चाळतानाही मध्ये काय केलं होतं ते कळेल.