मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूरकडची, एम.एस्सी. झाले आहे आणि स्पिन्ट्रॉनिक्समध्ये (इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारासोबत त्याचा स्पिनही वापरणारे शास्त्र) पीएचडी करायची आहे. कोल्हापूर निवडावे की धारवाड?

बेळगावहून धारवाड सुमारे 80 किलोमीटर आणि कोल्हापूर सुमारे 110 किलोमीटर आहे, आणि फेराइटवर (लोहयुक्त चुंबकीय ऑक्साइडवर) काम करणारे प्राध्यापक दोन्हीकडे भेटतील. तेव्हा गाव पाहून निवड करू नका. ज्या प्रयोगशाळेत जाणार, तिथे प्रत्यक्ष काय मोजले जाते ते पाहा. हे मी ठामपणे लिहिते, कारण मीही खानापूर तालुक्यातील, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली, आणि 'स्पिन्ट्रॉनिक' या एका शब्दावरून माझा विभागात मोठा वाद झाला होता.

माझे काम निकेल मिसळलेल्या कोबाल्ट फेराइटवर होते. नायट्रेट आणि सायट्रिक अ‍ॅसिडचे द्रावण तापवून जेल करायचे, ते स्वतःच पेट घेऊन जळाले की उरलेली भुकटी भट्टीत भाजायची, मग एक्सआरडीवरून (क्ष-किरण विवर्तन) स्फटिकांचा आकार काढायचा आणि व्हीएसएम या चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर हिस्टेरेसिस, म्हणजे क्षेत्र वाढवता-घटवताना चुंबकत्व कसे मागे राहते, ते पाहायचे. एक्सआरडीच्या शिखराच्या रुंदीतून यंत्राची स्वतःची रुंदी वजा केल्याशिवाय मी आकाराचा एकही आकडा लिहिला नाही, आणि याचा मला आजही अभिमान आहे. सिनॉप्सिसच्या (प्रबंधाचा सारांश सादर करण्याच्या) वेळी विभागातील एका ज्येष्ठ सरांनी सुचवले की प्रबंधाच्या नावात 'स्पिन्ट्रॉनिक उपयोगांसाठी' असे घाल, कारण नुसत्या फेराइटला आता कोणी विचारत नाही. मी म्हटले, सर, चुंबकीय क्षेत्रात विद्युतरोध किती बदलतो हे मी एकाही नमुन्यावर मोजलेले नाही. त्यावर ते म्हणाले की सगळेच तसे लिहितात, आणि सीमाभागातून आलेल्या मुलीने वाद न घालता मिळते ते पदरात पाडून घ्यावे. मी नाव बदलले नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्फटिकांच्या आकारावरच बराच वेळ प्रश्न विचारले. नावाबद्दल एक शब्दही काढला नाही.

सरांचे मत अजून तेच आहे, म्हणून माझे म्हणणे इथे पुन्हा मांडते. स्पिन्ट्रॉनिक्सची सुरुवात ज्यातून झाली तो जायंट मॅग्नेटोरेझिस्टन्स, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रोध मोठ्या प्रमाणात बदलणे, 1988 साली ग्रुनबर्ग आणि फर्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे दाखवला, ते लोह आणि क्रोमियमच्या एकावर एक रचलेल्या थरांत होते, आणि मधला क्रोमियमचा थर जेमतेम 1 नॅनोमीटरचा होता. लोहाच्या दोन थरांचे चुंबकत्व समांतर आहे की विरुद्ध, यावर रोध ठरतो. फर्ट यांच्या नमुन्यांत 4.2 केल्व्हिनला तो जवळपास निम्म्यावर आला. दोघांना 2007 साली नोबेल मिळाले, आणि त्याआधीच, 1997 पासून, हा परिणाम हार्ड डिस्कवरील माहिती वाचणाऱ्या शीर्षात (रीड हेड) वापरला जात होता. आय.आय.टी. मद्रासमध्ये पीएचडी केलेले जगदीश मूडेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या पातळ थरातून सामान्य तापमानाला रोधात सुमारे 12 टक्के बदल दाखवला. या सगळ्यात थर, सीमा आणि विद्युतवहन हेच मुख्य आहे. दाबून केलेल्या भुकटीच्या वडीत नॅनोमीटर जाडीचा नियंत्रित थर नसतो, त्यामुळे केवळ भुकटीचे चुंबकत्व मोजून कोणी स्पिन्ट्रॉनिक्स केले असे म्हणू नये.

म्हणून गाईडना भेटाल तेव्हा विचारा की स्पटरिंगने (आयनांच्या माऱ्याने अणू उडवून) किंवा लेसरने पातळ फिल्म टाकण्याची सोय आहे का, कमी तापमानाला रोध मोजता येतो का, आणि आधीच्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत मॅग्नेटोरेझिस्टन्सचा एखादा तरी आलेख आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयात स्वतः तपासा.

हेही सांगायला हवे की फेराइट कमी दर्जाचे नाही. कोबाल्ट आणि निकेल फेराइटच्या पातळ फिल्म स्पिन फिल्टर (एकाच दिशेच्या स्पिनचे इलेक्ट्रॉन जास्त जाऊ देणारा थर) म्हणून अभ्यासल्या जातात, आणि भुकटीचे काम उत्तम करून त्याला त्याच्याच नावाने मांडता येते. घरची परिस्थिती बेताची असेल तर आधी नेट परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळवा. 2023 पासून ती दरमहा 37,000 रुपये आहे. फिल्मची सोय नसलेल्या विभागात जागा मिळाली, तर बंगळुरूची आय.आय.एस्सी. आणि आय.आय.टी. मुंबई यांची नॅनो केंद्रे बाहेरच्या संशोधकांनाही 'इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्राम'मधून काम करू देतात. तिथे आपल्याला पाठवण्याची गाईडची तयारी आहे का, हे प्रवेश घेण्याआधी स्पष्ट विचारून घ्या.