लॅम्डाचे तुकडे जुळवताना: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

डीएनए ठराविक जागी कापणाऱ्या इको आर वन या एन्झाइमने लॅम्डा फाजचा (जिवाणूंवर वाढणाऱ्या एका विषाणूचा) डीएनए कापला. सहा तुकडे यायला हवेत, पण विजेने तुकडे आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलवर बँड, म्हणजे पट्टे, पाचच. एन्झाइम खराब निघालं का?
*– एम.एस्सी. विद्यार्थिनी, धरमपेठ*

एन्झाइमवर संशय नंतर, आधी बेरीज करा. लॅम्डाचा डीएनए ४८,५०२ बेस-जोड्यांचा. इको आर वनचे तुकडे २१,२२६, ७,४२१, ५,८०४, ५,६४३, ४,८७८ आणि ३,५३०. यातल्या ५,८०४ आणि ५,६४३ मध्ये फरक फक्त १६१ जोड्यांचा, त्यामुळे घाईत चालवलेल्या जेलवर ते एकाच रेषेत बसतात. खूणही सोपी आहे. तो बँड ७,४२१ पेक्षा उजळ दिसत असेल तर तिथे दोन तुकडे आहेत, कारण एरवी लहान तुकडा मोठ्यापेक्षा फिकट दिसतो. व्होल्टेज कमी ठेवून जेल रात्रभर चालू द्या.

तुकडे मोजता येतात, पण क्रम कसा लावायचा?
*– प्राध्यापक, सक्करदरा*

खरी गंमत इथेच आहे. हिंड थ्री हे दुसरं एन्झाइम लॅम्डाचे आठ तुकडे करतं: २३,१३०, ९,४१६, ६,५५७, ४,३६१, २,३२२, २,०२७, ५६४ आणि १२५. शेवटचा साध्या जेलवर दिसतच नाही, तो हिशेबातूनच सापडतो.

आता दोन्ही एन्झाइमं एकत्र घातलेल्या नमुन्याची लेन, म्हणजे जेलवरची रांग, बघा. इको आर वनचा २१,२२६ शाबूत आहे, पण हिंड थ्रीचा २३,१३० गेला आणि १,९०४ चा नवा तुकडा आला. म्हणजे २१,२२६ हा २३,१३० च्या पोटात. तसंच ३,५३० जागेवर आहे आणि ४,३६१ मधून ८३१ वेगळा झालाय. ही दोन टोकं असावीत. खात्री करायची सोय लॅम्डानेच ठेवली आहे: त्याच्या दोन्ही टोकांना १२ बेसच्या एकेरी शेपट्या असतात आणि त्या एकमेकींना चिकटतात. हिंड थ्रीने कापलेला अर्धा नमुना ६५ अंशांवर दहा मिनिटं तापवून लगेच बर्फात ठेवा, अर्धा तसाच चालवा. न तापवलेल्या लेनमध्ये ४,३६१ दुसऱ्या टोकाला चिकटून फिका पडला, तर तो टोकाचा.

मधल्या भागासाठी ९,४१६ धरा. एकत्र कापल्यावर त्याचे ४,२६८ आणि ५,१४८ होतात. ४,२६८ मध्ये १,३७५ मिळवले की ५,६४३. ५,१४८ मध्ये ५६४, १२५ आणि १,५८४ मिळवले की ७,४२१. म्हणजे इको आर वनचे ५,६४३ आणि ७,४२१ हे शेजारी.

जेलवर आकडे इतके चोख मिळत नाहीत, त्यामुळे दोन-तीन बेरजा सारख्याच बऱ्या वाटतात. तेव्हा अंदाज लढवू नका. ९,४१६ चा बँड जेलमधून कापून काढा आणि एकट्यालाच इको आर वन द्या.

लॅम्डाच्या डीएनएतला बेसचा पूर्ण क्रम कळलेला असताना हा खटाटोप कशाला?
*– पालक, महाल*

जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सँगर यांच्या गटाने तो १९८२ मध्येच प्रसिद्ध केला. उत्तर माहीत आहे म्हणूनच सरावाला लॅम्डा बरा. चूक लगेच पकडता येते.

मे महिन्यात आमचं जेल सेटच होत नाही.
*– लॅब असिस्टंट, हिंगणा रोड*

साधं अ‍ॅगॅरोज (ज्याचं जेल बनतं तो पदार्थ) ३६ अंशांच्या आसपास गोठतं, आणि कूलर बंद असलेली आपल्याकडची खोली त्याच्या वरच असते. ट्रे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. एन्झाइम ३७ अंशांवर काम करतं म्हणून त्याची ट्यूब टेबलावर ठेवणारेही भेटतात. ती उणे २० मधून थेट बर्फात गेली पाहिजे.

नाग नदीच्या पाण्यातून ई. कोलाय या जिवाणूवरचा फाज मिळवला. त्याचा डीएनए कुठलंच एन्झाइम कापत नाही.
*– संशोधक विद्यार्थी, अंबाझरी*

त्याच ट्यूबमध्ये थोडा लॅम्डा डीएनए मिसळून बघा. लॅम्डाही कापला गेला नाही, तर फिनॉल किंवा मीठ राहिलंय. डीएनए पुन्हा स्वच्छ करा. लॅम्डा कापला गेला आणि तुमचा नाही, तर तो टी-४ नावाच्या फाजच्या जातकुळीतला असू शकतो. टी-४ च्या डीएनएत साध्या सायटोसिनऐवजी (डीएनएच्या चार बेसपैकी एकाऐवजी) ग्लुकोज जोडलेलं हायड्रॉक्सिमिथिल सायटोसिन असतं आणि बहुतेक एन्झाइमं तिथे हात टेकतात. टीटीटीएएए ही जागा ओळखणारं द्रा वन वापरा. तिथे सायटोसिनच नाही.