वाचकांचे प्रश्न: पार्किन्सन्सची सुरुवात आणि ग्रुप फिजिओथेरपी

प्रश्न: नमस्कार मॅडम. माझे सासरे ६३ वर्षांचे आहेत, बँकेतून रिटायर झालेत. आधी उजवा खांदा आखडला म्हणून फ्रोजन शोल्डर समजून शेक घेत होते, मग चालताना तो हात हलतच नाही हे लक्षात आलं आणि न्यूरोलॉजिस्टनी पार्किन्सन्सचं निदान केलं. सुरुवातच आहे, गोळ्यांनी बरंच बरं वाटतं. डॉक्टर म्हणतात ग्रुप फिजिओथेरपी सुरू करा. पण बाबांचं म्हणणं, मी रोज पाऊण तास फिरतो तेवढं पुरे, आणि तिथे जास्त त्रास असलेली माणसं बघून मला उलट टेन्शन येईल. सासूबाईपण म्हणतात, वाढल्यावर बघू. काय करावं?
– एक सून, नाशिक

उत्तर: जबरदस्ती करू नका, पण ‘वाढल्यावर बघू’ हेही नको. हे दुखणं अंगावर काढायचं नाहीये. आत्ता बाबांचा तोल चांगला आहे, ताकद आहे, नवीन सवय अंगात मुरवायला हाच काळ चांगला. पडायला लागल्यावर आलेल्या पेशंटबरोबर आमचा अर्धा वेळ भीती घालवण्यातच जातो.

फिरणं उत्तमच आहे, ते बंद करू नका. पण या आजारात एक गंमत नाही, खरं तर अडचण असते, ती घरच्यांना कोणी नीट सांगत नाही. मेंदूत डोपामिन, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन, कमी पडलं की हालचाल हळूहळू लहान होत जाते, पाऊल आखूड, हात अंगालगत, अक्षर बारीक, आवाज हळू, आणि त्या माणसाला मात्र आतून वाटतं की मी नेहमीसारखंच चालतोय. म्हणून एकटं फिरताना पाऊण तास आखूड पावलांचाच सराव होऊ शकतो. बाबांना सांगा की मोठ्ठं पाऊल टाका, हात जोरात हलवा, त्यांना ते अगदी अति वाटेल. त्याच वेळी मोबाईलवर व्हिडिओ काढून दाखवा. दिसायला ती चाल नॉर्मल असते! एलएसव्हीटी बिग नावाची पद्धत याच गोष्टीवर उभी आहे, ती एकेकट्याला शिकवतात, आठवड्याला ४ दिवस असे ४ आठवडे, पण हालचाल मोठी करायची हे सूत्र ग्रुपमध्येही वापरलं जातं.

आणि ग्रुपचा खरा फायदा इथेच आहे. घरात एकट्याने हात फाकवून मोठ्याने आकडे म्हणत खुर्चीतून उठायला लाज वाटते, तिथे सगळेच ते करत असतात. ताल असतो, टाळ्या असतात, कोणीतरी एक-दोन-तीन-चार म्हणत असतं. वारीत टाळ वाजला की पाय आपोआप पडतात ना, तसंच बाहेरून आलेल्या ठेक्याने यांचं पाऊल सुटं होतं. जमिनीवर टेपच्या पट्ट्या लावून त्या ओलांडायच्या, वळताना एका पायावर गर्रकन न फिरता मोठा अर्धगोल घ्यायचा, चालता चालता भाज्यांची नावं सांगायची (चालणं आणि डोकं दोन्ही एकदम वापरणं इथे अवघड जातं, म्हणून मुद्दाम), मोठ्याने मोजायचं म्हणजे आवाजालाही व्यायाम. शिवाय आज कंटाळा आलाय म्हटलं तर चौघं विचारतात काल का नाही आलात, हे घरचं कोणी करू शकत नाही.

टेन्शनचं बाबा बोलतायत ते खरं आहे, मी ते हसण्यावारी नेणार नाही. निदान नवीन असताना पुढच्या टप्प्यातला माणूस बघून धस्स होतं. म्हणून ग्रुप निवडताना विचारा की सुरुवातीच्या टप्प्यातल्यांची वेगळी बॅच आहे का, पहिल्यांदा एकट्याची तपासणी करून मग ग्रुपमध्ये घेतात का, आणि आठ-दहा जणांमागे फिजिओथेरपिस्टसोबत अजून एक तरी माणूस हाताशी असतो का. नसेल तर दुसरीकडे बघा. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईच्या पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटीची केंद्रं इतर गावांतही आहेत, नाशिकच्या जवळपास काय सोय आहे ते तिथे फोन करून विचारा. पहिल्या वेळी सासूबाईंनाही घेऊन जा, नुसतं बसून बघायला.

किती करायचं? अमेरिकेतल्या पार्किन्सन्स फाउंडेशनचा सल्ला आठवड्याला १५० मिनिटांचा आहे, त्यात दम लागेल असा व्यायाम, ताकदीचा, तोलाचा आणि स्ट्रेचिंग असं सगळं. २०१८ साली छापून आलेल्या एका अभ्यासात, गोळ्या अजून सुरू न झालेल्या नव्या पेशंटना आठवड्यातून तीनदा ट्रेडमिलवर चांगलंच जोरात चालवलं, तर ६ महिन्यांत त्यांची हालचाल व्यायाम न वाढवलेल्यांपेक्षा कमी बिघडली. आजार बरा होतो असा याचा अर्थ नाही, तसं कोणी सांगत असेल तर तिथून उठा. आणि बाबांना इतकं जोरात चालवायच्या आधी हृदयाची तपासणी करून घ्या.

प्रश्न: मी स्वतः पेशंट आहे, वय ५८. ग्रुपला जाताना गोळी आधी घेऊ की नंतर? आणि व्यायामात उभं राहिल्यावर कधीकधी डोळ्यांपुढे अंधारी येते.
– एक वाचक, सातारा

उत्तर: गोळीचा असर चांगला असतो त्या वेळेत व्यायाम ठेवा, बहुतेकांना लेव्होडोपा (डोपामिनची कमी भरून काढणारी गोळी) घेतल्यावर साधारण तासाभराने अंग मोकळं वाटतं, तुमची वेळ तुम्हाला कळेलच. मात्र गोळी पोटभर जेवणाबरोबर घेऊ नका, डाळ-पनीर-अंडं असं प्रथिनांचं जेवण असलं की असर कमी होऊ शकतो. अंधारी येते ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. या आजारात आणि त्याच्या गोळ्यांनीही उभं राहिल्यावर बीपी उतरतं. डॉक्टरांना दाखवेपर्यंत बसूनच व्यायाम करा, खुर्ची हाताची आणि बिनचाकांची घ्या, पायात सपाता नको, उठायच्या आधी पावलं वरखाली हलवा. बीपी आडवं असताना आणि मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी मोजा, आकडे लिहून न्यूरोलॉजिस्टना दाखवा, गोळी मनाने कमी करू नका.