भाऊबीजेला ओवाळतानाचे फोटो पिवळट आणि हललेले येतात, चाळीस हजारात कुठला कॅमेरा घ्यावा?

कॅमेरा घेऊ नका. निदान आमच्या दाजींसारख्या माणसाला विचारून तर अजिबात घेऊ नका.

आमचं घर बेळगावात वडगावला, जुनं, मधल्या खोलीला एकच ट्यूब आणि वर लाकडी माळा, धुरानं काळा पडलेला. तीन वर्षांमागं दाजी नवा कॅमेरा घेऊन भाऊबीजेला आले. मी टोपी घालून पाटावर, ताई ताट घेऊन समोर, आणि दाजी म्हणतात "थांब थांब, परत ओवाळ." दाजींच्या कॅमेऱ्यात क्रॉप सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चकती लहान, त्यावर ५० मिमीची लेन्स म्हणजे ७५ सारखी जवळ ओढते, आमची खोली केवढीशी, दोघं फ्रेमात बसेनात म्हणून दाजी मागं सरकत सरकत पार मोरीपाशी. मग फ्लॅश, थेट तोंडावर. मी भुतासारखा पांढरा आणि निरांजन पेटलंय का विझलंय तेच कळेना. फ्लॅश वर मारायचा म्हटलं तर काळ्या माळ्यावरनं उजेड परत येतोय कुठला! तिसऱ्या खेपेला वात खरंच विझली, आत्या भडकली आणि बोलणी मला बसली, का तर मी हसलो.

मग आत्या बाबांना ओवाळणार होती. ती वात पेटवेपर्यंत मी ट्यूब बंद केली, सोप्याचं दार सताड उघडलं, पाट असा फिरवला की उजेड बाबांच्या एका गालावर यावा. शर्टाच्या आतल्या बाजूनं मोबाईलची लेन्स पुसली (दिवाळीत घरभर फराळाचे तेलकट हात, दिव्याभोवती धूर दिसतो तो त्याचाच, लोक उगाच मोबाईलला शिव्या घालतात). स्क्रीनवर बाबांच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं म्हणजे फोकस तिथंच राहतो, उजेडाची पट्टी जरा खाली ओढली आणि धडाधड दहा-बारा फोटो काढले. एकात आत्या हातानं ज्योतीला आडोसा करतेय, बोटांच्या कडा लाल दिसतायत, बाबा टोपी सारखी करतायत, कॅमेऱ्याकडं कुणाचंच लक्ष नाही.

तुमचे हलतात कारण कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि ताट तर फिरतंय. नाइट मोड लावूच नका, तो बरेच फोटो एकावर एक जोडतो, ताईला चार हात येतात. पिवळटपणाचं म्हणाल तर ट्यूब पांढरी, दिवा पिवळा, मोबाईल गोंधळतो, एकच काहीतरी ठेवा.

हां, रात्री ओवाळत असाल तर दाराचा काही उपयोग नाही, ट्यूब लागणारच. मग मोबाईलच्या प्रो मोडमध्ये (सगळं आपल्या हातानं ठरवायचा मोड) शटर १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं जुनी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, शटर त्याहून वेगात गेलं की फोटोत पट्टे येतात. आणि कॅमेरा घ्यायचाच झाला तर लेन्स ३५ ची बघा, घरात मोरी असो वा नसो.

आत्या-बाबांचा तो फोटो आता ताईच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलाय. येईल त्याच्या हातात कुंद्याची वाटी देऊन दाजी सांगतात, "माझ्या कॅमेऱ्यातला." मूळ फाईल माझ्याकडं आहे, डिटेल्स उघडलं की माझ्या मोबाईलचं मॉडेल आणि वेळ येते, सकाळी ११:४२. त्या वेळी दाजी आतल्या खोलीत चार्जर शोधत होते.