दरवेळी डिस्कची तपासणी सुरू होते? आधी डेटा काढा, चेकडिस्क नंतर

विंडोज १०, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, सुरू करताना दरवेळी डी ड्राइव्हची तपासणी आणि फोटोंचं फोल्डर उघडताना कॉम्प्युटर गोठणं, असं तुमचं दुखणं. चेकडिस्कला (chkdsk, विंडोजची डिस्क तपासणारी कमांड) स्लॅश आर (/r) लावून रात्रभर ठेवू का, असं विचारलंय. आज नको.

चेकडिस्क दुरुस्त करते ती फाइल सिस्टिम, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याचा हिशेब. वीज गेल्यामुळे हा हिशेब बिघडला असेल तर स्लॅश एफ (/f) पुरतं. स्लॅश आर शिवाय प्रत्येक सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) वाचून बघते आणि वाचता न आलेला भाग ‘खराब’ म्हणून बाद करते. तो भाग बरा होत नाही. डिस्क मरायला टेकली असेल तर हे तासन्‌तासाचं वाचनच तिला संपवू शकतं. शिवाय तुटलेल्या नोंदींच्या फाइल्स नाव गमावून ‘फाउंड’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात, डॉट सीएचके होऊन पडतात. मग लग्नाचे फोटो शोधत बसा.

म्हणून आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींचे, आकडे बघा. ‘रॉ व्हॅल्यूज’ सुरुवातीला हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या मोजणीत) दिसतात, म्हणजे १० दिसलं तर ते १६ असतात. सेटिंगमधून दशमान करून घ्या. ०५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता येत नसलेले, निर्णयाची वाट बघणारे. सी५ शून्याच्या वर आणि रोज वाढता असेल तर दुरुस्तीचा विषय संपला, डिस्क बदला. फक्त सी७, म्हणजे डेटा ये-जा करतानाच्या चुका, वाढत असेल तर बहुधा डिस्कला जोडणारी साटा केबल ढिली किंवा खराब आहे. तिथे चेकडिस्क चालवणं म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. केबल बदलल्यावर सी७ शून्यावर येत नाही, वाढायचा थांबला की झालं.

डेटा काढताना सगळा ड्राइव्ह एकदम ओढू नका. आधी फोटो आणि कागदपत्रं, सिनेमे शेवटी. एखाद्या फाइलवर अडकलं तर ती सोडून पुढे जा. सारखंच अडकत असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे डेटा उचलायचं साधन वापरा: ते आधी चांगला भाग उचलतं, खराब भागाकडे नंतर वळतं. मॅप फाइल (कुठवर काम झालं याची नोंद) ठेवली तर मध्येच थांबवून पुढे चालू करता येतं. टकटक आवाज येत असेल तर मात्र लगेच बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. (फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कुणीतरी देईलच. आत दव धरतं.)

डेटा सुरक्षित झाला आणि सी५ शून्य असेल तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून आधी ड्राइव्हच्या नावापुढे (chkdsk d:) कुठलाही स्लॅश न जोडता चेकडिस्क चालवा. ती नुसती बघते, काही बदलत नाही. चुका दिसल्या तर स्लॅश एफ. सी ड्राइव्हसाठी पुढच्या रीस्टार्टला करू का असं विचारेल, वाय दाबा. त्याचा निकाल इव्हेंट व्ह्यूअरच्या (विंडोजच्या नोंदी दाखवणारा प्रोग्रॅम) ॲप्लिकेशन लॉगमध्ये ‘विनइनिट’ नावाखाली मिळतो. स्लॅश आर लावलंच तर १ टीबीला निरोगी डिस्कवरही दोन तास कमीच. टक्का हलत नाही म्हणून बटण दाबून बंद करू नका.

सी५ मोजकेच आणि स्थिर असतील तर डेटा काढून फुल फॉरमॅट करा, क्विकची खूण काढून. सगळीकडे शून्य लिहिलं जातं, तेव्हा त्या सेक्टरना डिस्क एकतर पुन्हा वापरात घेते, नाहीतर बदली देते. त्यानंतर ०५ महिनाभर हलला नाही तर सिनेमे ठेवायला चालेल, हिशेबाच्या फाइल्स नकोत.

नव्या डिस्कवर क्लोन (जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल) केलं असेल तर जुन्या खराब भागांची यादीही सोबत येते. नवी डिस्क ठणठणीत असली तरी ती जागा बाद दिसते. तिथे एकदा चेकडिस्कला स्लॅश बी (/b) लावून चालवा, ती यादी पुसून ते भाग पुन्हा तपासते.