पाय पुढे करायला शीक

डिचोली

बाळा,

पत्र मिळालं. दोतोर्नीचा, म्हणजे मुलांना धर्मशिक्षण द्यायचा, वर्ग तुझ्याकडे आला, बरं वाटलं. पण ‘सर, मुलांना आणि पालकांना मी गर्विष्ठ वाटू नये म्हणून काय करू?’ हे वाचून हसू आलं. इथेही डोळा लोकांकडेच की रे तुझा!

आपल्या कोंकणी प्रार्थनांत नम्रतेला खाल्तेपण म्हणतात. शब्द गोड, पण आपण त्याचा सोयीचा अर्थ लावतो. मान खाली घालायची, ‘मला कसलं काय कळतं’ म्हणायचं. असं म्हणणाऱ्याला एकदा ‘खरंय, तुला काही कळत नाही’ म्हणून बघ, कसा उसळतो ते. मीही उसळलोय.

माझीच फजिती सांगतो. पवित्र गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, चर्चमध्ये पाद्री ज्या बाराजणांचे पाय धुतो, त्यांत एका वर्षी माझं नाव होतं. दुपारी मी न्हाणीघरात बसून टाचा दगडाने घासल्या, नखं कापली, नवे मोजे घातले. पाद्रीच्या हाताला मळ लागू नये म्हणून, असं मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं: मास्तरांच्या भेगाळलेल्या टाचा अख्ख्या चर्चने बघायला नको होत्या.

शेजारच्या खुर्चीवर आमच्या वाड्यावरचा रेंदेर, माडाची सूर काढणारा. दिवसातून तीनदा माडावर चढणारा माणूस. तळवे काळे, सालीसारखे खरबरीत. कामावरून तसाच आला होता. पाद्री गुडघ्यावर बसला, तांब्याने पाणी ओतलं, मळ निघेना म्हणून पुन्हा ओतलं. रेंदेराने पाय मागे घेतला नाही की ओशाळून इकडेतिकडे बघितलं नाही. माझी पाळी आली तेव्हा धुण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दोन थेंब पाणी, टॉवेल, पुढचा.

बायबलात, योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात, येशू आपल्या शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा त्यांतला पेत्र अडून बसतो, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत म्हणतो. वर्षानुवर्षं मला ती त्याची नम्रता वाटायची. येशू मात्र त्याला सरळ सांगतो, धुऊ दिले नाहीस तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. सेवा करणारा उभ्या गावाला दिसतो, त्याचं कौतुकही होतं. करून घेताना उघडं पडावं लागतं, म्हणून ते जड जातं.

फादर स्टीफन्सचं बघ. हा इंग्रज 1579 साली गोव्यात आला तो शिकवायला, पण आधी इथल्या माणसांसमोर विद्यार्थी होऊन बसला. 1616 साली राशोलला छापलेलं त्याचं ख्रिस्तपुराण ओवीत आहे, आणि ओवी काही त्याने इंग्लंडातल्या विल्टशायरहून आणली नव्हती. बाणावलीचा जोसेफ वाझ तर बामणाच्या घरातला, सांकवाळला लॅटिनची शाळा चालवलेला. श्रीलंकेत डचांनी कॅथलिक पाद्र्यांना बंदी घातली होती, तेव्हा 1687 साली हा पाद्री मजुराच्या वेषात तिथे उतरला आणि जाफन्यात दारोदार भीक मागत कॅथलिक घरं शोधत फिरला. 2015 साली तो संत झाला तेव्हा आपण फटाके लावले. त्याच्या हातातल्या भिकेबद्दल कोणी फारसं बोललं नाही. आपल्याकडे अजून कोंफ्रारियेत, चर्चच्या बंधुसंघात, कोण कुठल्या जातीचा हे चालतं, मग भिकेचं कौतुक कोण करणार!

वर्गात एखादी पोर ‘सर, तुम्ही चुकलात’ म्हणाली, तर ‘मी तुमची परीक्षा बघत होतो’ असली थाप मारू नकोस. मी पस्तीस वर्षं मारली. चूक तिच्या हातून फळ्यावर दुरुस्त करून घे आणि पुढचा धडा घे. फेस्ताच्या, चर्चच्या सणाच्या, वर्गणीच्या पावतीवर नाव मोठं की लहान, यात मुळीच पडू नकोस, वेळ जातो नुसता.

पावसाळ्यात मी घसरून पडलो, तेव्हा शेजारीण रोज पेज आणून द्यायची. मी पहिल्याच संध्याकाळी डबा केळ्यांनी भरून परत पाठवला. तिने दुसऱ्या दिवशी पेज आणली आणि केळीही परत आणली. म्हणाली, ‘सर, खावा गप्प.’ खाल्ली.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर ये. पेन्शन मोबाइलवर कशी बघायची ते मला शिकव. सहा महिने तुला विचारायचं टाळतोय.

तुझे,
सर